हैदराबादच्या पुढं पण जा: दिवाळीत तेलंगणाला निघालेल्या सोलापूरकरांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्यांचं बुकिंग आता सुरू होईल आणि आपल्या पेपरात ट्रॅव्हल्सच्या जाहिराती यायला लागतील. त्यात दरवर्षी एक ठरलेली असतेच, ‘हैदराबाद २ रात्री ३ दिवस’. मला त्याबद्दलच लिहायचंय. मी भवानी पेठेत राहते, शाळेत शिकवते, आणि आमच्या गल्लीतल्या चार घरांची ट्रिप ठरवायची म्हटलं की वही-पेन माझ्याच हातात येतं, त्यामुळे हे सगळं विचारून, बघून, फिरून लिहितेय. पत्र थोडं मोठं झालंय पण कापू नका, ही विनंती.

आपल्यापासून हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर. नळदुर्ग, उमरगा, मधे कर्नाटकातलं हुमनाबाद, मग जहीराबाद, संगारेड्डी की आलं हैदराबाद, एकच हायवे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे आमच्या विणकर वस्तीतल्या, निम्म्या घरांचे पाहुणे तिकडं आहेत, आमच्याकडं घराघरात तेलुगू बोलतात, नवरात्रात बायका बतुकम्मा (तेलंगणातला फुलांचा सण) खेळतात. म्हणजे तेलंगणा आपल्याला परका अजिबात नाही. तरी आपण जातो कुठं, तर चारमिनार, गोवळकोंडा, एक अख्खा दिवस फिल्म सिटी, लाड बाजारात बांगड्या, बिर्याणी, परत. आणि घरी आल्यावर म्हणायचं तेलंगणा बघून झालं! हे मला पटत नाही. २०१४ साली ते राज्य झालं तेव्हा त्यांनी आपल्या बोधचिन्हात चारमिनार घेतला तसं वरंगलची, तिथल्या जुन्या काकतीय राजांची कमान पण घेतली. आपण त्यातलं अर्धंच बघून येतो.

मी शहराच्या विरोधात नाही हं. हैदराबाद नीट बघायचं तर दोन पूर्ण दिवस द्यायलाच पाहिजेत, फक्त ते दोन दिवस ट्राफिकमध्ये घालवू नका. आपल्या बाजूने कारने गेलात तर शहरात शिरतानाच मियापूर लागतं आणि तिथंच मेट्रोचं स्टेशन आहे. गाडी तिथं लावायची किंवा हॉटेलच त्या बाजूला घ्यायचं आणि पुढचं सगळं मेट्रोने करायचं. चारमिनारपर्यंत मेट्रो अजून जात नाही, एमजीबीएसला (महात्मा गांधी बस स्टेशन) उतरायचं, तिथून सालारजंग म्युझियम रिक्षाने अगदी जवळ आणि चारमिनार त्याच्या थोडं पुढं. आणि वार बघून जा! सालारजंग शुक्रवारी बंद असतं, चौमहल्ला पॅलेस पण शुक्रवारी बंद, आणि त्याच दिवशी मक्का मशिदीत नमाजाची गर्दी असते त्यामुळे जुन्या शहरात शुक्रवारी लहान मुलं घेऊन जाण्यात काही अर्थ नाही. शुक्रवार गोवळकोंड्याला द्या. आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपला एका ट्रॅव्हल्सने बरोब्बर शुक्रवारीच म्युझियमच्या दारात नेऊन उभं केलं होतं, बंद गेटसमोर फोटो काढून माणसं परत आली. साधी गोष्ट आहे, जाहिरात छापायच्या आधी वार बघायला काय जातं?

गोवळकोंड्याला पण नुसतं टाळी वाजवून वर ऐकू येते का बघायचं आणि यायचं असं करू नका. १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले तेव्हा अबुल हसन कुतुबशहाने म्हणजे तानाशहाने त्यांचं स्वागत केलं होतं, हे मुलांना तिथं उभं राहून सांगा. त्याच तानाशहाच्या काळात भद्राचलमचं राममंदिर बांधणाऱ्या भक्त रामदासांना (आपले समर्थ रामदास नव्हेत) याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, ती कोठडी अजून दाखवतात. सकाळी लवकर चढा, ऊन लागत नाही. आणि खाली उतरल्यावर कुतुबशाही मकबरे चुकवू नका, ते जवळच आहेत, तिथं झाडी आहे, शांतता आहे, आणि विजापूर आपल्या शेजारी असल्याने घुमट म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही, फरक लगेच दिसतो.

आता मुख्य मुद्दा, शहराच्या बाहेरचं. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते विकाराबादचं. आपली रेल्वे वाडी, तांडूर करत विकाराबादवरूनच जाते. हजारो सोलापूरकर ते स्टेशन खिडकीतून बघतात आणि पुढं जातात. त्या स्टेशनपासून थोड्या अंतरावर अनंतगिरीचे डोंगर आहेत, दाट झाडी, अनंत पद्मनाभ स्वामींचं जुनं देऊळ, आणि हैदराबादच्या मधून वाहणारी मुसी नदी तिथंच उगम पावते. हैदराबादची माणसं शनिवार-रविवार आला की गाड्या काढून तिथं येतात. आपण रेल्वेने जाता जाताच उतरू शकतो, एक रात्र राहू शकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं शहरात जाऊ शकतो, पण कुठल्याच पॅकेजमध्ये विकाराबादचं नाव नसतं. शनिवार-रविवार सोडून गेलात तर डोंगर जवळजवळ तुमचाच. रोडने जाणाऱ्यांसाठी तसंच संगारेड्डीजवळचं मांजरा अभयारण्य आहे. मांजरा म्हणजे आपली बीड जिल्ह्यात उगम पावणारी, लातूरला पाणी पाजणारी मांजरा, तीच तिकडं जाते, आणि त्या पाण्यात मगरी आहेत, हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात. हायवेपासून फार आत नाही. मुलांना भूगोल शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

यानंतर पुढं दोन दिशा आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की एका ट्रिपमध्ये एकच दिशा धरा. दोन्ही करायला गेलात तर नुसतं गाडीत बसून याल.

पहिली दिशा वरंगलची. हैदराबादहून दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, रेल्वेने पण सोपं. पण रोडने गेलात तर वाटेत पोचमपल्लीला थांबाच थांबा. आपल्या पूर्व भागातल्या माणसाने तर पोचमपल्ली बघायलाच पाहिजे. आपली सोलापुरी चादर आणि त्यांचं इकत, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालंय. आपल्याकडं चादरीवरचं डिझाइन जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हिशोबाने उठतं, त्यांच्याकडं सूत विणायच्या आधीच बांधून रंगवतात आणि मग मागावर ते रंग एकमेकांना जुळवत नक्षी तयार होते, घरात हातमागावर माणसं काम करताना दिसतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तेलंगणातून येऊन सोलापुरात माग टाकले त्यांच्या नातवंडांनी हे बघून यावं असं मला मनापासून वाटतं. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने या गावाला जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. आणि आपल्यासाठी अजून एक, १८ एप्रिल १९५१ ला विनोबा भावेंना याच गावात भूदानाची पहिली जमीन मिळाली, वेदिरे रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. म्हणून गावाचं नावच भूदान पोचमपल्ली आहे. आपल्या कोकणातल्या गागोद्याच्या माणसाचं नाव त्या गावाने जपून ठेवलंय आणि आपण साडीच्या दुकानातून वळून परत येतो.

पुढं भोनगीरचा किल्ला एकाच मोठ्या खडकावर, यादगिरीगुट्ट्याचं नरसिंहाचं देऊळ, ते नवं बांधून २०२२ ला परत उघडलंय, सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते. मग वरंगल-हनमकोंडा. हजार खांबांचं देऊळ ११६३ सालचं, किल्ल्यात दगडी कमानी, राणी रुद्रमादेवीचं हे शहर. तिथं एक मुक्काम करा पण सगळा वेळ तिथंच देऊ नका कारण खरी मजा त्याच्या पुढं मुलुगू जिल्ह्यात आहे.

रामप्पा देऊळ. वरंगलहून साधारण ६५-७० किलोमीटर, पालमपेट नावाच्या लहान गावात. १२१३ साली काकतीय राजा गणपतिदेवाच्या काळात रेचर्ल रुद्र या सेनापतीने बांधलं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. देवळाचं मूळ नाव रुद्रेश्वर, पण लोक त्याला ओळखतात ते घडवणाऱ्या शिल्पकाराच्या, रामप्पाच्या नावाने! शिखराच्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, म्हणजे वरचं वजन कमी ठेवलं, आणि पाया वाळू भरून केलाय जेणेकरून जमीन हलली तर हादरा वाळूत जिरावा. आठशे वर्षं झाली तरी देऊळ उभं आहे. बाहेरच्या बाजूला काळ्या दगडात नाचणाऱ्या मदनिका आहेत, त्यांच्या गळ्यातल्या दागिन्यांचं कोरीवकाम बघताना माझ्याबरोबरच्या बायका तासभर तिथून हलल्या नव्हत्या. संध्याकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा दगड अजून उठून दिसतो, त्यामुळे दुपारी घाईत उरकू नका.

देवळाजवळच काकतीयांनीच केलेला रामप्पा तलाव आहे, थोड्या अंतरावर लकनावरम, टेकड्यांच्या मधे पाणी, बेटं आणि झुलता पूल. आणि वरंगलच्या दुसऱ्या बाजूला पाखालचा तलाव. या राजांनी देऊळ बांधायचं तर शेजारी तलाव पण बांधायचा अशी पद्धतच ठेवली होती. आपल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात देवळासाठी आणि गावासाठी तलाव खोदला, साधारण त्याच शतका-दोन शतकांतली ही सगळी कामं आहेत, एकाच दख्खनच्या कोरड्या जमिनीवर एकाच विचाराची. आपला सिद्धेश्वर तलाव रोज बघणाऱ्या माणसाला लकनावरमच्या काठावर उभं राहिल्यावर जे समजेल ते दुसऱ्याला समजणार नाही. अजून पुढं गेलात तर छत्तीसगडच्या हद्दीकडं बोगता धबधबा आहे, पावसाळ्यात आणि पाऊस संपल्या संपल्या बघण्यासारखा, पण तिथं पाण्यात उतरण्याची हौस करू नका, पाणी वाढलं की तो बंद पण ठेवतात, आधी चौकशी करून मगच निघा. आणि दर दोन वर्षांनी माघ महिन्यात मेडारमला सम्मक्का-सारलम्माची आदिवासी जत्रा भरते, तेव्हा लाखो माणसं या एवढ्याशा रस्त्यांवर असतात. जत्रा बघायचीच असेल तर वेगळी तयारी करून जा, नाहीतर त्या आठवड्यात मुलुगूकडं फिरकू नका.

दुसरी दिशा दक्षिणेची, श्रीशैलची. इथं मला जरा जास्त बोलायचंय. सोलापूरकर श्रीशैलला जातात, पिढ्यान् पिढ्या जातात. सिद्धराम लहानपणी मल्लय्याच्या म्हणजे मल्लिकार्जुनाच्या ओढीने रडत श्रीशैलपर्यंत गेला ही गोष्ट आपल्याकडं लहान पोराला पण पाठ असते, त्यामुळे मल्लिकार्जुनाचं दर्शन हे आपल्यासाठी घरचंच आहे. श्रीशैल आंध्रात येतं, पण हैदराबादहून तिथं जाणारा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता तेलंगणाच्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पातून जातो. २६११ चौरस किलोमीटरचं हे जंगल देशातल्या सगळ्यात मोठ्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, चेंचू आदिवासी तिथं राहतात, मन्नानूरला वनखात्याची सफारी आहे, फरहाबादचा व्ह्यू पॉइंट आहे, मल्लेल तीर्थमचा धबधबा आहे. आणि आपल्या गाड्या काय करतात? रात्री ९ ते सकाळी ६ जंगलातला रस्ता बंद असतो म्हणून ९ च्या आत गेट गाठायला जीव खाऊन पळतात, पडदे लावून, मोठ्याने गाणी लावून. गेट बंद झालं की तिथंच भांडण, आम्ही लांबून आलोय, सोडा. हे बरोबर नाही. बंदी रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांसाठी आहे, त्यात लांबून आलेल्याला सूट असण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यापेक्षा प्लॅनच असा करा की हैदराबादहून पहाटे निघायचं, ११ च्या सुमारास मन्नानूरला पोचायचं, तो दिवस जंगलाला द्यायचा, तिकडंच मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला घाट उतरून श्रीशैल. दर्शन पण शांतपणे होतं. सफारी पावसाळ्यात बंद असते, दिवाळीत सुरू असते, आधी बुक करा. आणि हात जोडून एक सांगते, त्या रस्त्यावर माकडांना केळी, बिस्किटं, चिरमुरे टाकू नका! पुण्य लागतं म्हणून लोक गाडीतून फेकतात, माकडं रस्त्यावर येऊन बसतात आणि मागच्या गाडीखाली जातात. पाण्याच्या बाटल्या आणि पॅकेटं गाडीतच ठेवा, सोलापूरला आणून टाका.

श्रीशैलला पाताळगंगेवर जे पाणी बघाल ते कृष्णेचं, पण त्यात आपली भीमा पण आहे. उजनीतून सुटलेलं, पंढरपूरवरून गेलेलं पाणी रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळतं आणि श्रीशैल, मग नागार्जुनसागर असं खाली जातं, आणि हैदराबाद शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग नागार्जुनसागरचाच असतो. मुलांना नकाशा घेऊन दाखवा. नागार्जुनसागर धरण बघायची इच्छा असेल तर ते मात्र श्रीशैलबरोबर ओढाताण करून जोडू नका, हैदराबादहून वेगळा एक दिवस काढा.

आता दिवाळीच का, ते. तेलंगणात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, बतुकम्मामुळे, दिवाळीला एक-दोन दिवसच. म्हणजे आपल्याला सुट्टी असते तेव्हा त्यांच्या शाळा-ऑफिसं चालू, तलाव भरलेले, धबधब्यांना पाणी टिकून, आणि हवा बरी. मे महिन्यात जाणाऱ्यांना मी समजूच शकत नाही, सोलापूरच्या उन्हातून उठून हैदराबादच्या उन्हात जायचं आणि आटलेले धबधबे बघायचे! संक्रांतीला हैदराबाद निम्मं रिकामं होतं, लोक गावाला जातात, शहर बघायला तो काळ मस्त, पण तेव्हा आपली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, ती सोडून कोण जाणार.

गाडी भाड्याने करणार असाल तर मालकाला आधी विचारा की ऑल इंडिया परमिट आहे का, कारण मधे कर्नाटकाचा पट्टा लागतो आणि मग तेलंगणा, टॅक्स कोण भरणार यावरून वाटेत वाद होतात. बायकांसाठी सांगते, तेलंगणाच्या बसमध्ये महिलांना फुकट प्रवास आहे पण तो तिथल्या रहिवासी महिलांसाठी, आपलं आधार दाखवून चालत नाही, तिकिटाचे पैसे धरूनच हिशोब करा. आणि जेवणाची काळजी करू नका, तिकडं गावागावात जोन्न रोट्टे मिळते, म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच.

खर्चाचं म्हणाल तर फिल्म सिटीचा एक दिवस आणि एक शॉपिंगचा दिवस कमी केला की त्याच पैशात वरंगल-रामप्पा होतं, आम्ही हिशोब मांडून बघितलाय. मुलांना फिल्म सिटी आवडते, मान्य, पाच-सहा दिवस असतील तर ती पण करा. पण तीनच दिवस असतील तर माझं मत, एक दिवस विकाराबाद-अनंतगिरी आणि दोन दिवस शहर.

साहेब, तुमच्या पेपरकडून दोनच अपेक्षा. सुट्टीच्या पानावर हॉटेलच्या जाहिरातींच्या शेजारी कुठला दिवस कुठं बंद, कुठला रस्ता कधी बंद, हे एका चौकटीत द्या, लोक कापून ठेवतील. आणि सोलापूरच्या ट्रॅव्हल्सवाल्यांना तुमच्या माध्यमातून विचारा की हैदराबाद-वरंगल-रामप्पा किंवा हैदराबाद-अमराबाद-श्रीशैल असं ५ रात्रींचं पॅकेज काढायला त्यांना काय अडचण आहे. माणसं मिळत नाहीत म्हणत असतील तर आमच्या गल्लीतल्या चार घरांची नावं आत्ताच लिहून घ्यावीत.

रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, त्यामुळे हे पत्र त्याच्या आधी छापलंत तर उपयोग होईल.

आपली,
एक शिक्षिका व नियमित वाचक,
भवानी पेठ, सोलापूर